लादीवरचं पिल्लू

प्रबोध केळुसकर दर जूनमध्ये सिंगापूरहून सहा-सात हौशी फोटोग्राफर घेऊन अलास्काला जायचा. तिथल्या किनाऱ्यावर हिमनद्या थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्यापासून तुटलेल्या बर्फाच्या लाद्यांवर सील आपली पिल्लं वाढवतात. आयटीतली नोकरी सोडून त्याने हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा बायकोने, मैत्रेयीने, वर्षभर एकटीच्या पगारावर घर चालवलं होतं. माणूस कामाचा पक्का होता. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचं सेटिंग लावून देताना स्वतःचा फोटो हुकला तरी त्याला वाईट वाटत नसे.

तिसऱ्या वर्षीच्या सहलीत मात्र चार दिवस नुसतं धुकं होतं. पाचव्या दिवशी सकाळी हरीश नावाचे पाहुणे ब्रेडला लोणी लावता लावता म्हणाले, "एवढं लांब येऊन पांढरा पडदाच बघायचा होता, तर घरची भिंत काय वाईट होती?" सगळे हसले. प्रबोधही हसला, पण ते त्याला लागलं.

दुपारी धुकं विरलं. एका लादीवर सीलची मादी होती आणि तिच्या पोटाशी काही दिवसांचंच पिल्लू. बोट चालवणारी मेरेडिथ तिथलीच. तिने बरंच अलीकडे इंजिन बंद केलं.

"याच्या पुढे नाही," ती म्हणाली.

"थोडंसंच. एकदाच."

"प्रबोध, पिल्लू असलं की यापेक्षा जवळ जायचं नाही, हा नियम तुला माहीत आहे."

"पुढच्या वर्षीही मी तुमच्याच कंपनीची बोट घेणार आहे ना?" तो हसत म्हणाला. ती थट्टा नव्हती, हे दोघांनाही कळलं. मेरेडिथने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.

बोटीत अरुणाताई मुजुमदार होत्या. निवृत्त झाल्यापासून त्या सिंगापुरात बुओना व्हिस्टा भागात मुलाकडे राहत. त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. "प्रबोध, ती मान वर करून बघतेय. पुरे आता."

त्याला ऐकू आलं होतं. त्याने डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही.

मादी एकदम पाण्यात घसरली. पिल्लू लादीच्या कडेपर्यंत सरपटत आलं आणि तोंड उघडून ओरडू लागलं. नेमकं तेव्हाच ढगांतून ऊन आलं, मागची हिमनदी निळी झाली आणि प्रबोधने तो फोटो काढला. मादीचं डोकं एकदा लांबवर दिसलं. मग प्रवाहाने लाद्या सरकल्या आणि मध्ये बर्फच बर्फ झाला. वीस मिनिटांनी मेरेडिथ म्हणाली, "बर्फ वाट बंद करतोय, निघायला हवं." इंजिनाच्या आवाजात बुडेपर्यंत पिल्लाचं ओरडणं ऐकू येत होतं.

तो फोटो मात्र सगळीकडे गाजला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला, एका मासिकाने छापला आणि पुढच्या वर्षीच्या दोन सहली आठवड्याभरात भरल्या. सिंगापुरात बुकित पंजांगच्या घरी त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने, जाईने, फोटो बघून विचारलं, "बाबा, याची मम्मी कुठेय?"

"मासे आणायला गेली होती. आम्ही दोन तास थांबलो, ती परत येईपर्यंत."

हे त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

जानेवारीत अरुणाताई राहत त्याच कॉन्डोच्या, म्हणजे निवासी संकुलाच्या, हॉलमध्ये त्याने फोटो दाखवायचा कार्यक्रम ठेवला. साठेक मराठी माणसं आली होती. सहलीचे सहाही जण पहिल्या रांगेत होते. पिल्लाचा फोटो पडद्यावर आला आणि टाळ्या वाजल्या. तेवढ्यात जाई पुढे धावत आली, तिने बाबाच्या हातातला माइक घेतला आणि इंग्रजीत सांगायला लागली, की माझे बाबा तिथे दोन तास थांबले होते, पिल्लू एकटं पडू नये म्हणून, त्याची मम्मी येईपर्यंत. "ही इज लाइक दॅट, लाह," ती शेवटी अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाली. लोक हसले, पुन्हा टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेतल्या सहा जणांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हरीश बुटांकडे बघत होते. अरुणाताई मात्र थेट त्याच्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे, वाट बघितल्यासारख्या. प्रबोधचे कान तापले. आत्ता बोलावं, असं त्याला वाटलं. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढची स्लाइड लावली.

कार्यक्रमानंतर अरुणाताई चहा न घेताच वर निघून गेल्या.

पुढचे आठ दिवस तो जाईशी नीट बोलू शकला नाही. रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याने तिला सगळं सांगितलं. मेरेडिथला काय म्हणालो, अरुणाताईंनी कसं थांबवलं, मादी परत आलीच नाही. मैत्रेयीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होती.

जाईने बराच वेळ चमचा ताटात फिरवला. "देन व्हाय यू टेल मी शी केम बॅक?"

"मला लाज वाटत होती."

"मी सगळ्यांना सांगितलं, बाबा. स्कूलमध्येपण. नाऊ मला लाज वाटते."

ती उठून आत गेली. मैत्रेयी म्हणाली, "तिच्या मागे जाऊ नकोस आत्ता." मग ताटं उचलताना, त्याच्याकडे न बघता, "मलाही सांगितलं नाहीस तू."

त्या संध्याकाळी प्रबोधने कार्यक्रमाला आलेल्या सगळ्यांना पत्र लिहिलं आणि फोटो सगळीकडून काढून टाकला. मासिकालाही कळवलं. मेरेडिथला वेगळं पत्र लिहून माफी मागितली. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. तो फोटो काढला त्याच दिवशी तिने कंपनीला कळवलं होतं. बोट ती चालवत होती, म्हणून चूक स्वतःचीच म्हणून सांगितली होती. तीन आठवडे तिला बोटीवर घेतलं नव्हतं. 'तुझं नाव घातलं नाही,' तिने लिहिलं होतं, 'कारण मी नाही म्हणू शकले असते.'

हे वाचून त्याला जेवढी शरम वाटली, तेवढी त्या हॉलमध्येही वाटली नव्हती. इतके महिने आपलं ओझं दुसरंच कुणी वाहत होतं आणि आपण टाळ्या घेत होतो. त्याने कंपनीला सविस्तर लिहिलं, की आग्रह माझा होता, पुढच्या बुकिंगचा दबाव मी आणला. कंपनीने त्याला दोन हंगाम आपल्या बोटींवर यायला बंदी केली. दोन्ही सहली रद्द झाल्या. तो पुन्हा कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करू लागला. जाई त्याच्याशी बोलायला लागली, पण तो काही सांगायला लागला की आधी विचारायची, "खरंच?" दर वेळी त्याला ते टोचायचं. तो "खरंच" म्हणायचा आणि पुढे सांगायचा.

बंदी संपल्यावर चार जणच तयार झाले. त्यांत अरुणाताई होत्या. "गुडघे आहेत तोवर येते," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिल्या सकाळी धक्क्यावर मेरेडिथ दुसऱ्या एका गटाची बोट तयार करत होती. प्रबोध तिच्याजवळ गेला. विमानात त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही धड आठवेना.

"मला तुला समोर येऊन सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगितलंस की पत्रात." तिने मान हलवून ओळख दिली, पण हातातलं काम थांबवलं नाही. "माझी माणसं थांबली आहेत, प्रबोध."

तिची बोट निघाली. चेहरा अजून तापलेला असतानाच तो आपल्या चौघांकडे वळला आणि एकेकाचं लाइफ जॅकेट तपासू लागला.