कडी नसलेली समता

औसा-निलंगा रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत मी नऊ वर्षं गणित शिकवलं. शिक्षक अकरा, त्यात बायका तीन, आणि शिक्षकांसाठी शौचालय एक. त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून होती. दार वाऱ्यानं आपटू नये याची काळजी शाळेनं घेतली होती.

पुरुष शिक्षकांना त्याचा काही त्रास नव्हता. त्यांच्यासाठी शाळेची मागची भिंत होती. आम्ही तिघी सकाळी घोटभर चहा घेऊन निघायचो आणि संध्याकाळी लातूरला उतरेपर्यंत पाण्याला शिवायचो नाही. एका उन्हाळ्यात मला लघवीची आग सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी तक्रार ऐकली आणि विचारलं, "शिक्षिका का?" चेहऱ्यावरची विद्वत्ता दिसली असेल असं वाटून मी जरा सुखावले. "तसं नाही हो," त्या म्हणाल्या, "आज सकाळपासून ही तिसरी."

मग आम्ही अर्ज दिला. वेगळं शौचालय द्या, जमत नसेल तर निदान कडी लावा. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, हा स्त्रीवाद झाला. मी समतावादी हाय. सगळ्यांना एक शौचालय, एक नियम. पुरुषांनी कधी कडी मागितली का?"

"त्यांना लागत नाही, सर. ते भिंतीकडं जातात."

"मग तुम्हाला कुणी अडवलं?" सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर चष्मा पुसायला लागले.

आमच्यातल्या थोरल्या बाई मूळच्या बिलोलीच्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. "सर म्हणून राहिले ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "समता पाहिजेच." बाहेर आल्यावर आम्हाला म्हणाल्या, "उद्यापासून खुर्च्या घ्या गं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही मागच्या भिंतीला लागून तीन खुर्च्या टाकल्या आणि वह्या तपासायला बसलो. रिकाम्या तासांनाही पाळीपाळीनं एकजण तिथं असायचीच. पहिले आले ते खेळाचे सर. आम्हाला पाहून त्यांनी भिंतीच्या गिलाव्याची बारकाईनं पाहणी केली.

"इथं बसून राहिल्या व्हय, बाई?"

"हाव सर. सावली लई चांगली हाय."

दोन दिवसांत आठही पुरुष त्या एका शौचालयावर आले. कुणी एका पायानं दार धरायचं, कुणी आतून मोठ्यानं अभंग म्हणायचं. विज्ञानाच्या सरांनी पाणी पिणं सोडलं. आठव्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशी झाडू शोधत आल्या. त्यांनी दार ढकललं, तर आत साक्षात मुख्याध्यापक. मावशींनी दार लावून घेतलं आणि सवयीनं बाहेरून कडी घातली. सरांच्या हाका सातवीच्या वर्गापर्यंत ऐकू आल्या.

त्याच दुपारी सुतार आला. गोदामाला शोभेल अशी कडी बसवून गेला.

पुढच्या बैठकीत सरांनी भाषण केलं. वेगळं काही न मागता, भांडण न करता, निव्वळ समतेच्या मार्गानं आपण हा प्रश्न सोडवला, असं ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. लगेच पुरुष शिक्षकांचा अर्ज वाचला गेला. त्यांना स्वतंत्र मुतारी हवी होती, 'अत्यंत निकडीची गरज' म्हणून. तो जागीच मंजूर झाला. फरशी कोणत्या रंगाची असावी यावरच काय ती चर्चा झाली. 'पुरुषवाद' हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. तो कुणाला माहीत तरी होता की नाही कोण जाणे.

ठरावाला अनुमोदन थोरल्या बाईंनी दिलं. एसटीत बसल्यावर मी चिडून विचारलं, "तुम्ही कशाला हात वर केला?"

"लई हाल झाले गं त्यांचे," खिडकीची काच सरकवत त्या म्हणाल्या. "आठ दिवस."