दादाची चढाई भूतकाळात

कोणता काळ वापरायचा हे मी आता लिहायला बसण्याआधीच ठरवते. आधी क्रियापदांचा काळ, मग मांडणी. ही सवय मला महाडच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांमुळे लागली, आणि त्याबद्दल मी त्यांची मुळीच आभारी नाही.

ऐंशीच्या सुमारास मी महाडला सरकारी कचेरीत कारकून होते. माझा थोरला भाऊ पोलादपुरात एका वाण्याकडे तागडीवर बसायचा. त्याआधी तो गावच्या कबड्डी संघात चढाया करी. भातकापणीनंतरच्या एका सामन्यात, शेवटच्याच चढाईत, त्याचा गुडघा मोडला. सामनाही गेला.

आमच्याकडे सामना सांगायची रीत ठरलेली. मैदान कुठलं होतं, समोर कोण होतं, माणसं किती जमली होती, हे सगळं भूतकाळात. चढाई सुरू झाली की मात्र 'जातो, वळतो, मारतो'. ऐकणाऱ्याचाही दम कोंडला पाहिजे. दुकान बंद झालं की दादा स्टँडजवळच्या टपरीवर आपली चढाई सांगे.

"मी आत शिरतो. डावा कोपरा पुढं येतो. त्याला हूल देतो, एकाला टिपतो, फिरतो. मागून घोटा धरतात. मी पडतो, हात टाकतो, रेषा दोन बोटांवर हाय..."

इथे तो चहाचा ग्लास उचली. पुढे काय झालं ते टपरीवर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच 'मग?' असं कोणी विचारत नसे.

"दादा, गेल्या साली पण दोनच बोटं होती," एखादा चिडवी. "रेषा सरकते काय रे?"

"तुझी बोटं जाडी, म्हणून तुला दोन दिसतात."

सगळे हसत. तेवढा वेळ तो चढाईत असे.

मी ते तसंच लिहिलं. मैदान भूतकाळात, चढाई वर्तमानात, हात रेषेच्या अलीकडे. संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, एका लेखात दोन काळ? आणि शेवट कुठाय? पोचला का तो?"

"नाही पोचला, सर."

"मग तसं लिहा. घडून गेलेली गोष्ट भूतकाळातच शोभते."

"सर, 'जातो' लिहिलं की तो अजून खेळत असतो. 'गेला' लिहिलं की निकाल लागतो. भाऊ वाचणार आहे हे."

"तुमच्या भावासाठी अंक काढत नाही आपण."

"मग आहे तसं छापा, नाहीतर परत द्या."

"बरं, बरं. ठेवून जा," ते म्हणाले. मी ठेवून आले.

अंक माझ्याआधी टपरीवर पोचला. शनिवारी घरी यायला मी पोलादपूरला एसटीतून उतरले तेव्हा टपरीवाला मोठ्याने वाचत होता आणि दादा बाकावर बसला होता. 'तो आत शिरला. त्याने हूल दिली. त्याचा घोटा धरला गेला. हात रेषेपासून दोन बोटांवर राहिला आणि दम तुटला. संघ हरला. त्याच्या आयुष्याचा सामनाही तिथेच संपला.' शेवटचं वाक्य संपूर्ण संपादकांचं.

नवीन बदलून आलेला एक कंडक्टर चहा पीत होता. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. "म्हणजे हरलातच ना तुम्ही?" त्याने विचारलं.

"होय," दादा म्हणाला. "हरलो." मग त्याने मला पाहिलं. "बाय, तू लिवलंस हे?"

"शेवट माझा नाय, दादा. त्यांनी बदललं सगळं."

"खाली नाव तुझंच हाय."

सोमवारी मी संपादकांकडे गेले. तावातावाने बोलले. त्यांनी शांतपणे चहा मागवला आणि म्हणाले, "लोकांना शेवट फार आवडला, बाई. पुढच्या वर्षीही द्या काहीतरी."

दादाने टपरी सोडली. दुकानातून सरळ घरी येऊ लागला. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तो जेवण अर्धं टाकून उठला.

पुढच्या कापणीनंतर, दरवर्षीप्रमाणे, संघातले खेळाडू सामन्याआधी त्याला बोलवायला आले. नव्यांना चार गोष्टी तोच सांगायचा. तो ओटीवरून उठलाही नाही.

"हरलेल्याकडं काय शिकायला आलात रे?"

एकाने तरी 'नाय, दादा' म्हणावं म्हणून मी दारात थांबले. ते खाली बघत उभे राहिले. सगळ्यांनी अंक वाचला होता.