न थांबता एक फेरी

दुबईजवळ अजमानला आमच्या घरामागे खाडीला लागून एक मोठी बाग आहे. तिच्या फाटकातून बाहेर पडणारी साडेपाच किलोमीटरची कच्ची वाट कडेकडेने गोल फिरून पुन्हा फाटकाशी येते. आधी तिवरांची सावली, मग उघडी वाळू, चौथ्या किलोमीटरला एक टेकाड आणि शेवटी घाफच्या झाडांमधून उतार. टेकाडावरच्या पाटीवर 'व्ह्यू पॉइंट' लिहिलं आहे. दोन हिवाळे मी त्या चढावर अर्ध्यात कमरेवर हात ठेवून थांबत आले होते आणि व्ह्यू म्हणून स्वतःच्या बुटांची टोकं पाहत होते.

मला ती फेरी एकदाच, न थांबता, न चालता, पळत पुरी करायची होती. वय त्रेपन्न. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, "आता जरा जपून." तेव्हापासून घरातले सगळे माझ्याशी बोलताना 'जपून' हा शब्द पूर्णविरामासारखा वापरायला लागले होते. मुलगी तेच इंग्रजीत सांगायची. एप्रिल संपत आला होता. एकदा मे लागला की ऑक्टोबरपर्यंत इथे पळायचं नाव काढता येत नाही, आणि तोवर पाय सगळं शिकलेलं विसरतात. हाती एकच बरा शनिवार उरला होता.

नेमका त्याच शनिवारी आमच्या इथल्या मराठी मंडळाने धावण्याचा कार्यक्रम ठेवला. नवरा मंडळाचा सेक्रेटरी. आठवडाभर हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत पाइपांची कोटेशनं काढणारा हा शांत माणूस हातात माइक आला की वेगळाच होतो. सहाची वेळ दिली होती. सहा वीसला बॅनर सरळ झाला. साडेसहाला समई आली. बागेत ज्योत चालत नाही म्हणून ती बॅटरीवरची होती. बटण दाबलं की पाचही वाती एकदम लागत. प्रमुख पाहुण्यांचा मात्र पत्ता नव्हता.

"अहो, ऊन चढतंय. आम्ही निघू का?"

"उद्घाटन व्हायच्या आधी कसं निघणार?"

"वाट चार वर्षं इथेच आहे. रोज लोक पळतात."

"शारजातून निघालेत ते. दहा मिनिटं."

"हे तुम्ही मघाशीही म्हणालात."

"दहा मिनिटं, इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि मला कळलं की आता अर्धा तास नक्की.

आमच्या मजल्यावर राहणाऱ्या रत्नागिरीच्या भाभी माझ्याबरोबर रोज येतात. पायघोळ अबायाखाली पळायचे बूट घालतात, पण पळत मात्र नाहीत. त्यांचं झपाझप चालणं आणि माझं पळणं यांचा वेग एकच आहे. त्यांनी माझा दंड धरला.

"चल गो, यल्ला. पाहुणा येईस्तोवर आपले पापड होतील. आणि मी बघतेय हां, चाललीस तर खलास. सगळ्यांना सांगेन."

आम्ही निघालो. मागून माइकवर नवऱ्याचा आवाज येत होता, "कृपया सहभागींनी शिस्त पाळावी." वाटेला लागलेले सहभागी आम्ही दोघीच, आणि आम्ही शिस्तीत डाव्या बाजूने जात होतो.

तिवरं मागे पडली, वाळू लागली. ऊन खांद्यावर बसलं. टेकाड आलं तेव्हा माझ्या तोंडून हवा येत होती की आवाज, हे मलाच कळेना. त्या चढावर पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे घसरतं.

"तू पळतेस नि मी चालते, तरी मीच पुढं?" भाभी वळून म्हणाल्या.

"भाभी, बोलायला लावू नका."

"बोलू नकोस, ऐक. गुडघा उचल. जपून काय टाकतेस पाय? खाली अंडी आहेत काय?"

मला हसू आलं, आणि हसण्यात दम गेला. नेहमीची जागा आली. पाय आपसूक थांबायला लागले. बैल आपल्या गोठ्यापाशी थांबतो तसे. मी त्यांना थांबू दिलं नाही. इतकंच. यात काही थोर नव्हतं. एक पाय उचलला, मग दुसरा. आणि एकाएकी वर चढायला काही उरलंच नाही.

व्ह्यू खरंच होता. खाडीत रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग, पलीकडे इमारती. तो मी पळता पळताच पाहिला.

उतार संपला आणि फाटक दिसलं. पाहुणे आले होते. फाटकाच्या दोन खांबांना लाल फीत बांधली होती, तबकात कात्री होती, आणि फाटकाखेरीज दुसरी वाट नव्हती. फेरी फाटकाच्या आत पुरी होते, अलीकडे नाही.

"अहो, बाजूला व्हा!" मी ओरडले.

"अगं, थांब! एक मिनिट थांब!" हे माइकवरून, साऱ्या बागेला ऐकू गेलं.

"थांबू नको गो!" भाभी मागून.

मी थांबले नाही. पाहुणे भले होते, त्यांनी कात्री वर उचलून पोट आत घेतलं. फितीची गाठ नवऱ्याने मारली होती. ती लगेच सुटली. फीत पोटाला गुंडाळून मी आत गेले, दहा पावलं पुढे जाऊन मगच उभी राहिले.

पाहुण्यांनी विचारलं, "वहिनी, सबंध फेरी पळालात?"

"सबंध," भाभींनी परस्पर सांगून टाकलं. "एक पाऊल चालली नाही. मी बघितलंय."

"आई, यू डिड द हिल?" मुलगी म्हणाली. पुढे 'केअरफुल' आलं नाही.

नवऱ्याने घसा साफ केला आणि माइक तोंडाशी धरला. "कार्यक्रमाचं उद्घाटन झालेलं आहे," तो म्हणाला, आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागला.