पत्र्यावरचा दगड

मामा कुणाच्याही दारात गेले की आधी माणसाकडे नाही, छपराकडे बघायचे. पत्र्यावर दगड दिसला की रामराम राहिला बाजूला. "दगड उतरवा तेवढा, पत्रा तारेनं बांधा," एवढंच म्हणायचे. आमच्या हर्सूलच्या गल्लीत निम्मी घरं पत्र्याची, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून जवळपास प्रत्येक पत्र्यावर दगड. त्यामुळे लोक मामांना टाळायचे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यांना चहा पाजायला कुणाची ना नव्हती, पण चहापायी छपराची तपासणी कोण करून घेईल?

आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटचे ते राखणदार. मूळचे देवगाव रंगारीकडचे, अर्धं आयुष्य मेंढरांमागे हिंडलेले. प्लॉटच्या मालकाने पत्र्याची एक खोली दिली होती. तिच्यात मामी झोपायच्या आणि मामा बाहेर बाजेवर. थंडीत घोंगडी, पावसाळ्यात घोंगडीवर प्लास्टिकचा कागद. मी एकदा चिडवलं, मामींनी घराबाहेर काढलंय का म्हणून. मामा हसले.

"आभाळ कुनाच्या डोस्क्यात पडत नाय, ताई," म्हणाले.

खरं कारण मला मामींनी सांगितलं, शेंगा सोलता सोलता, मान वर न करता. गावाकडे त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी अंगणात खेळत होती. अचानक वावटळ उठली. मामा तिच्यावर ओरडले, घरात जा. ती गुमान आत गेली. वाऱ्याने पत्रा उचलला आणि वरचा दगड आत, तिच्या डोक्यात पडला.

"दगड ह्यांनीच ठिवला व्हता," मामी म्हणाल्या, "आन् आत बी ह्यांनीच धाडली."

त्यानंतर मी मामांना कधी चिडवलं नाही.

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेले. त्यांची आठवण निघाली की मला त्याआधीच्या उन्हाळ्यातली एक रात्र आठवते. गल्लीतले सगळे मोबाइल एकदम कर्कश वाजले होते. वादळी वाऱ्याचा इशारा होता, घरातच थांबा म्हणून. पाठोपाठ वीज गेली. आमचं घर स्लॅबचं. मी मामा-मामींना बोलवायला गेले. मामी लगेच निघाल्या, मामा मात्र बाजेवरून हलेनात. मी विनवलं, मामींनी हात जोडले. मला हितंच बरं, एवढंच ते म्हणत राहिले. गारा पडायला लागल्या तरी घोंगडी डोक्यावर घेऊन बसून राहिले.

तेवढ्यात माझी पहिलीतली मुलगी बाहेर अंगणात आली. मामा आल्याशिवाय मी आत जाणार नाही, म्हणून रडायला लागली. गारा तिच्या अंगावर पडत होत्या. मामा ताडकन उठले. त्यांचे ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. घरात जा, एवढं तिला म्हणणं त्यांच्याच्याने झालं नसावं. त्यांनी तिला उचललं, घोंगडीत गुंडाळलं आणि तिच्याबरोबर आत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना छपराखाली पहिल्यांदाच बघत होते.

जिन्याखालच्या जागेत आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो. बाहेर कुणाकुणाचे पत्रे उडाल्याचे आवाज येत होते. मामांनी मुलीला पुढ्यात घेतलं आणि दोन्ही हातांचे तळवे तिच्या डोक्यावर आडवे धरले. मी म्हटलं, मामा, हा स्लॅब आहे, यातून काही पडत नाही. त्यांनी ऐकलं, पण हात काढले नाहीत. मुलगी केव्हाच झोपली होती.

उजाडता उजाडता वारा थांबला. मामांचे हात अजून तसेच होते. मामी पुढे सरकल्या. झोपलेल्या मुलीच्या केसांत बोटं घालून त्यांनी तिचं सगळं डोकं चाचपलं.

"बघा, कुठंच लागलं नाय पोरीला," मामी म्हणाल्या. "हात खाली घ्या आता."

मामांनी मान डोलावली. पण हात आखडून गेले होते, ते खाली येईनात. मग मामींनीच ते एकेक करून खाली आणले आणि आपल्या मांडीवर घेऊन चोळत बसल्या.