घट्ट केलेली बाइंडिंग

त्याचं नाव मी विचारलंच नाही. जॉर्जियाच्या बर्फात जायचं ठरल्यावर मी कुठल्याही उतारावर चालतील अशा वापरलेल्या स्की शोधत होते. इथे कुवेतमध्येच, मंगफला राहणाऱ्या एका माणसाची जाहिरात दिसली; त्याच्याकडे माझ्या उंचीला साजेशी जोडी होती, म्हणून सालमियातल्या माझ्या घरून टॅक्सी करून त्याच्या फ्लॅटवर गेले.

माणूस रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा. बोलता बोलता सारखा आतल्या दाराकडे बघायचा. स्की अगदी नव्यासारख्या दिसत होत्या, आणि तिथेच मला शंका आली. मग तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला आणि बूट स्कीला धरून ठेवणारी बाइंडिंग काढायला लागला.

"अहो, ती का काढताय?"

"ही नाय देणार, ताई. दुकानातनं नवीन बसवून घ्या."

महागाची वस्तू ठेवून हा मला नुसत्या फळ्या विकतोय, असं वाटून मी उठले.

तेवढ्यात त्याची मुलगी बाहेर आली. सोळाएक वर्षांची, काखेत कुबडी, गुडघ्याला पट्टा. "अब्बा, जस्ट टेल हर," ती म्हणाली.

तो खाली बघतच बोलला, "हिची स्की सारखी सुटायची. म्हणून मीच बाइंडिंग घट्ट केली. पडल्यावर बूट स्कीपासून सुटायला हवा; ही पडली तेव्हा सुटलाच नाय, गुडघा पिरगळला. घट्ट म्हंजे सुरक्षित, असं वाटलं मला."

मी पुन्हा खाली बसले. मुलगी आत जायला वळली तसा त्याने आधाराला हात पुढे केला. तिने तो धरला नाही. मग हात तसाच पुढे ठेवून तो तिच्या मागोमाग हळूहळू चालत गेला.