चिमणीसाठी खोकं

तेहतीस वर्षं मी नगरच्या एका शाळेत मराठी शिकवलं. ‘एकाच शब्दाचे दोन अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न मी इतक्या पोरांच्या माथी मारला, की त्या सगळ्यांचे तळतळाट देवाने साठवून ठेवले असावेत. निवृत्तीनंतर ते एकरकमी मिळाले. सुतारामार्फत.

बायको होती तेव्हा बाल्कनीत ट्यूबलाइटच्या पट्टीमागे चिमण्यांचं घरटं असायचं. चहात काड्या पडायच्या आणि मी करवादायचो. ती म्हणायची, “साखर बंद झालीये तुमची, काडी तरी चालू द्या.” ती गेली. दफन करून आलेले नातेवाईक चार दिवसांत पांगले, आणि मला हातांना काम हवं झालं. म्हणून मी स्वच्छता काढली. पट्टी उतरवली, घरटं केरात टाकलं, कबुतरं नकोत म्हणून बाल्कनीला वरपासून खालपर्यंत बारीक जाळी ठोकून घेतली. बाल्कनी अगदी दवाखान्यासारखी लख्ख झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर घरात कुणीच बोलेना.

याची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही. मी कुकरशी बोलायला लागलो, आणि तो उत्तर देतो म्हणून डाळ दोन शिट्ट्या जास्तच शिजवायला लागलो. शेवटी ठरवलं, चिमण्या परत आणायच्या. दिवसभर नको, पण सकाळी तरी घरात आपल्याशिवाय कुणाचा तरी आवाज असावा. मागणं एवढंच होतं.

आमची दारं-कपाटं केलेला सुतार मूळचा कर्जतकडचा. त्याला फोन लावला. “मिस्त्री, चिमणीसाठी एक खोकं करून द्या. चांगल्या प्लायचं. आणि भोक विसरू नका.”

“भोक किती ठिवू, गुरुजी?”

“नेहमी असतं तेवढं.” माहीत नसलेली गोष्ट जास्त ठामपणे सांगायची, ही शिक्षकाची जुनी खोड.

आठ दिवसांनी खोकं आलं. टेम्पोतून. दोघांनी धरून जिन्याने वर चढवलं. माझ्या छातीएवढं उंच, पांढऱ्याशुभ्र सनमायकाचं, आणि वरच्या अंगाला ताटली आरपार जाईल एवढं गोल भोक.

“मिस्त्री, यात चिमणी राहणार की बिबट्या?”

“ऱ्हानार?” तो गोंधळला. “सैपाकघरात बसवायची न्हाई व्हय? पाइप भाईर काढाया भोक ठिवलंय की.”

मी बाल्कनीकडे बोट केलं आणि हाताने पंख हलवून दाखवले. तो खोक्याला टेकून खालीच बसला. “आवो, चिव चिव करती ती चिमनी! मंग तसं सांगायचं हुतं! मला वाटलं, बाई गेल्या, आता मानूस एकला फोडनी घालतुय, धूर डोळ्यात जात आसंल...” हसता हसता त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मीही पंख खाली घेतले.

टेम्पोत उरलेल्या तुकड्यांतून त्याने तिथेच वीतभर खोकं ठोकून दिलं. भोक दोन बोटं जातील एवढंच. “मोठं केलं की साळुंक्या घुसत्यात. अन् रंगबिंग देऊ नका.” तो जिना उतरला आणि मी निळा ऑइलपेंट काढला. महिनाभर वास गेला नाही. वाटीत पाणी ठेवलं, ताटलीत बाजरी ठेवली, मोबाईलवर चिमण्यांचा आवाज लावून बसलो. वरच्या मजल्यावरच्यांची सून खाली आली. “काका, तुमचा अलार्म बंद होत नाहीये का?”

चिमण्या यायच्या, पण खाली पार्किंगच्या कडेला, मातीत लोळायला. तिथून वर बघायच्या आणि उडून जायच्या. मुलगा पुण्याला असतो; रविवारी मी चर्चहून आलो की फोन करतो. तो म्हणाला, “बाबा, नगरमध्ये आता चिमण्याच राहिल्या नाहीत.” मलाही ते पटलं. दोष शहराचा निघाला की बरं वाटतं.

मग सुतार शेजाऱ्यांचं दार बसवायला आला आणि माझ्याकडे डोकावला. बाल्कनीत जाऊन त्याने आधी खोकं पाहिलं, मग बाहेरचं आभाळ.

“गुरुजी, पाव्हन्यास्नी जेवाया बोलावलं अन् भाईरनं कुलूप घातलंय तुमी.”

जाळी! खोकं आत, बाजरी आत, पाणी आत, आणि सगळ्याच्या पुढे माझीच ठोकलेली जाळी. दोन महिने मी तिच्यातूनच आभाळ बघत होतो, आणि ती मला दिसली नव्हती.

“काढली तर कबुतरं येतील,” मी म्हणालो.

“येतीलच. हुसकाया तुमी हाय की दिसभर घरी.”

त्याने ते सहज म्हटलं. मी पकड आणून दिली.

नंतरच्या पंधरवड्यात एक जोडी आली. नर आधी भोकात डोकावला, उडाला, पुन्हा आला. मग काड्या आल्या, चिंध्या आल्या, भांडणं आली. सकाळी सहापासून नुसता कलकलाट. मला इतका आनंद झाला की चहाचा कप घेऊन मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. दोघं भुर्रकन उडाली आणि दुपारपर्यंत फिरकली नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांना बाल्कनी हवी होती, मराठीचा निवृत्त मास्तर नको होता.

आता मी दार लोटून आतच बसतो. कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालतो. खुर्ची सरकवत नाही, उचलून ठेवतो. शिंक आली तर बाथरूम गाठतो. परवाच्या रविवारी फोन आला, तेव्हा बाहेर पिल्लांना भरवणं चाललं होतं.

“बाबा, इतकं हळू का बोलताय? कुणी आलंय का घरी?”

“हो,” मी कुजबुजलो.

“अरे वा! मग बसा तुम्ही त्यांच्याशी बोलत. मी पुढच्या रविवारी करतो.”

आणि मी काही सांगायच्या आत त्याने फोन ठेवला.