आई, दोन गोळ्यांची ट्रायल आणि पानिपतचे चौधरीजी

आईला जाऊन आज एक वर्ष झालं आणि मला अजूनही तिची भीती वाटते.

आई दिल्लीच्या सरकारी शाळेत गणित शिकवायची. रिटायर झाली, पण तिच्यातली बाई काही रिटायर झाली नाही. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीचा गार्ड तिला बघून शर्टाचं वरचं बटण लावायचा.

मग तिला क्रॉनिक ल्युकेमिया निघाला.

रक्ताचा कॅन्सर, पण सावकाश चालणारा. "घाबरू नका," डॉक्टर म्हणाले.

"मी कुठे घाबरलेय? ह्याच्याकडे बघा, घामाघूम झालाय."

हा म्हणजे मी.

औषध सुरू करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलं. अर्ध्या पेशंटना नेहमीची गोळी. अर्ध्यांना नेहमीची अधिक एक नवी. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार.

संमतीचा फॉर्म आईने मराठीतच मागितला. पुण्याहून मागवावा लागला. तिने तो तीन दिवस वाचला.

एक वाक्य होतं: 'मृत्यू झाल्यास आपण ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.'

ट्रायलची कोऑर्डिनेटर नेहा, पक्की दिल्लीची. आईने तिला विचारलं, "बेटा, ये मैं कैसे कळवूं?"

मी हिंदीत समजावल्यावर नेहा आधी सॉरी म्हणाली, मग फाइल तोंडावर धरून हसली.

आईने सही केली. कॉम्प्युटरने तिला एकच गोळी दिली.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं दिल्लीत काढलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. फोन लावला. नोएडाच्या ऑफिसमधल्या एकाचा मेहुणा कुठल्याशा मंत्रालयात होता. "हो जाएगा यार, बिल्कुल!"

आईने ऐकलं.

"कॉम्प्युटरला वशिला लावतोयस?"

"अगं, नवीन औषध आहे!"

"नवीन जास्त चांगलं हे आधीच माहीत असतं, तर ट्रायल कशाला घेतली असती? एका गोळीवालं कुणीतरी हवंच ना. नाहीतर तुलना कशाशी करतील? तुझ्या डोक्याशी?"

मी परत फोन करून 'रहने दो' म्हटलं.

वेटिंग रूममध्ये चौधरीजी भेटले. पानिपतचे, चादरींच्या धंद्यातले. सहा फूट उंची, झुपकेदार मिशा, आणि सुई बघितली की डोळे गच्च मिटायचे.

रक्त काढताना आई त्यांना पाढे म्हणायला लावायची. "सत्रह का बोलिए." ते बिचारे सत्रह चौके अड़सठला यायचे तोवर नळी भरलेली असायची.

चौधरीजींना दोन गोळ्या मिळाल्या होत्या.

एका व्हिजिटला त्यांनी आईला पिन्नीचा, म्हणजे तिकडच्या कणकेच्या लाडवांचा, डबा दिला. "घर जाके खोलना, मैडम."

आईने गाडीतच उघडला. पिन्नींच्या खाली कागदात गुंडाळलेल्या गोळ्या. नव्या औषधाच्या. सोबत चिठ्ठी: 'आधी आपकी, आधी मेरी.'

मी म्हटलं, "आधी तुझी, आधी त्यांची? म्हणजे नक्की कुणाची आधी?"

"हिंदीतलं आधी. अर्धी." आईचा आवाज वर्गातला झाला होता. "गाडी वळव."

चौधरीजी पार्किंगमध्येच सापडले.

"ये क्या लबाडी है, चौधरीजी?"

"मेरे को दो मिलीं मैडम, आपको एक. अच्छा नहीं लगता."

"ये गोली खून जाँच के धीरे-धीरे बढ़ाते हैं. आपको कम पड़ी तो? मेरे को उलटी पड़ी तो?"

एवढा मोठा माणूस, बाकावर उभं केल्यासारखा मान खाली घालून उभा.

"बड़ी बहन से ज़्यादा लेके खुद कैसे खाऊँ?"



आईने त्यांच्या कोपराला धरलं आणि आत घेऊन गेली. नेहाला सगळं खरं सांगायला लावलं. चौधरीजींना वाटत होतं, आता ट्रायलमधून काढणार. डॉक्टर खूप बोलले. चुकलेल्या गोळ्यांची नोंद झाली, पुन्हा रक्त तपासलं आणि शेवटी त्यांना ठेवलं.

त्यानंतर रोज सकाळी आठला आमच्या घरातून पानिपतला व्हिडिओ कॉल, दोन्ही गोळ्या गिळल्या का ते बघायला. "मुंह खोलिए. अच्छा, जीभ ऊपर." मी ब्रश करत ऐकायचो.

पण डबा मिळाला त्या दिवशी परत येताना गाडीत ती म्हणाली, "मलाही दोन मिळायला हव्या होत्या रे. वाटतं कधीकधी."

मी उगाच हॉर्न वाजवला.

"पिन्नी मात्र छान आहे," ती म्हणाली, आणि दुसरी घेतली.

एका गोळीने तिचा आजार चांगला आवरला होता. गेली ती न्यूमोनियाने, पाच दिवसांत. चौधरीजी पहिल्या गाडीने आले आणि इतके रडले की शेजाऱ्यांनी आधी त्यांचं सांत्वन केलं, मग माझं.

ट्रायलचा निकाल अजून यायचाय.

गेल्या आठवड्यात चौधरीजींचा फोन आला. रिपोर्ट साफ आहेत, डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या थांबवल्या. आता नुसतं लक्ष ठेवायचं.

"बेटा," एवढं बोलून ते रडायला लागले.

फोन ठेवला आणि सांगायला आईच्या खोलीकडे निघालो. दारापाशी आठवलं.

म्हणून इथे लिहून सांगतोय.

आई, चौधरीजी बरे आहेत.

तुला मनापासून नमस्कार.